निरोगी क्रमांक चार

३ मार्च १९५६

मद्रासच्या वैद्यकीय मासिकाकडून निबंध परत! तीन वर्षांचं काम, दोन ओळींत उडवलं — "निरोगी क्रमांक चारच्या रक्तात शंभरात एकेचाळीस इओसिनोफिल? आधी प्रयोगशाळा सुधारा." निरोगी माणसात या पांढऱ्या पेशी शंभरात तीन-चार असतात, हे मला शिकवतात!

आमच्या नाचियार्कोविल गावचे समया घडवणारे धापा टाकतात. माझं म्हणणं एवढंच, की श्वास कोंडतं ते त्यांचं स्वतःचं रक्त. पेशी उसळतात कुणावर तरी आणि मार बसतो फुप्फुसाला. चोर सोडून संन्याशाला सुळी. पण तुलनेला निरोगी रक्त हवं. गावात सुई दिसली की लोक पळतात, म्हणून घरच्या आठ जणांचं घेतलं. माझ्या घरचं. त्यात खोट कुठून येणार?

५ मार्च

जानकीराम. दुसरं कोण? रक्ताच्या काचा तोच रंगवतो, पेशी तोच मोजतो. पेशंटांसमोर झापला. "मी दोनदां मोजलों, सार," एवढंच म्हणत राहिला. किल्ली ठेवून जा म्हटलं. अकरा वर्षं होता माझ्याकडे. जाऊ दे.

१० मार्च

घरी शनिवारचं भजन. ऊद पेटवला, की विशालाक्षी उठून परसात! माझी बायको. दोन वर्षं हेच चाललंय. पूर्वी अभंग तीच सांगायची. भजनातले कृष्णराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी रुसल्या काय?"

मंडळी गेल्यावर बोललो. नको ते बोललो.

११ मार्च

आठही जणांचं रक्त पुन्हा घेतलं. या खेपेस काचा मी रंगवणार. गलथानपणा जानकीरामचा, माझा नव्हे, हे मद्रासला दाखवतो.

१२ मार्च

क्रमांक चार — शेहेचाळीस. तीनदा मोजलं. जानकीरामचं बरोबर होतं.

१३ मार्च

तक्ता काढला. क्रमांक चार, विशालाक्षी. खोकला नाही, धाप नाही. अक्षर माझंच.

स्वयंपाकघरात जाऊन तिच्या पाठीला नळी लावली. आत नुसत्या शिट्ट्या. कधीपासून? "दोन वर्षं झालीं. ऊद लागला कीं जीव कोंडतो." सांगितलं का नाहीस?

"समईवाल्यांस रोज पुसतां. मज कधीं पुसलांत?"