सतरा उणे चिन्हे आणि मी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर जिथवर वाकते तिथवरचाच धरावा). तुझे गुडघे काय म्हणतात? आज सकाळपासून माझ्या कानांत आपल्या शाळेतला एक आवाज घुमतो आहे. साठ मुले एका सुरात कविता म्हणत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी साठ टाचा लाकडी फरशीवर ठप्प पडत. मास्तर म्हणत, शब्द विसरलात तरी चालेल, ठेका चुकवू नका. तो ठेका मी जन्मभर सांभाळला, आणि त्यापायीच गेल्या आठवड्यात माझ्या नातीचे गणित बुडवले.

तुला ठाऊक आहेच, ती कणांच्या गर्दीचे गणित करते. एकटा इलेक्ट्रॉन म्हणे गुणी बाळ. कोट्यवधी एकत्र आले की कोण काय करील याचा नेम नाही. (आपण अकरा भावंडे दोन खोल्यांत वाढलो, तेव्हा हा विषय मला नवा नाही.) पुढल्या महिन्यात याच विषयाचे सहा आठवड्यांचे प्रशिक्षण आहे. जागा बारा, आणि निवड तिच्या मार्गदर्शक बाईंच्या हाती. बाईंना सिद्धता हाताने लिहिलेलीच लागते. छापील कागदावरून डोळे घसरत जातात, असे त्यांचे मत. आणि पोरीचे अक्षर म्हणजे ओल्या पायांची कोंबडी वहीवरून फिरून गेलेली! म्हणून माझ्याकडे आली. "आजोबा, एवढी अकरा पानं उतरवून द्या ना. पण फक्त उतरवा हं, सुधारू नका!"

आता न वाचता उतरवणे मला कुठले जमायला? (मी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही चालीत वाचतो.) मी ओळी गुणगुणू लागलो. चाल सुरेख लागली. पण जिथे जिथे दोन अक्षरे आपसांत जागा बदलत, तिथे एक उणे चिन्ह आडवे येऊन ठेका मोडी. मला तुझी शिकवणी आठवली: तीन पाचे पंधरा, पाच त्रिक पंधरा, जागा बदलल्याने काही बिघडत नाही. पोर घाईत चुकली असेल, असे समजून मी सतराच्या सतरा उणे गाळली. पाने काय देखणी झाली म्हणून सांगू!

मागाहून कळले, की दोन इलेक्ट्रॉनांनी जागा बदलली की उणे लावावेच लागते, आणि त्या उण्याच्या धाकानेच दोघे एका जागी बसत नाहीत. माझ्या पानांवर मात्र सगळे एकाच खुर्चीत जाऊन बसले होते. बाईंनी पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा मारला: 'हिला मुळाक्षरेही येत नाहीत.'

असो. पोर समंजस आहे. तिने हसण्यावारी नेले. घरात सर्व कुशल.

तुझा,
धाकटा

ता. क. 'कुशल' वहिवाटीने लिहिले गेले. ती तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही.

दुसरा ता. क. आता खरे सांगतो. बाईंनी तिला फैलावर घेतले तेव्हा तिने माझे नाव काढले नाही. "चूक माझीच," म्हणाली. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळले. मी काल कबुलीचे पत्र लिहून बाईंच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवून आलो. पोरीला पत्ता नाही. लागला तर घर डोक्यावर घेईल. म्हणून विचारतो, पंधरा दिवस तुझ्याकडे येऊ का? पिशवी भरून ठेवली आहे. भाजी निवडीन, झाडांना पाणी घालीन, फक्त काही उतरवून काढायला देऊ नकोस.

तिसरा ता. क. घंटी वाजली म्हणून थांबलो होतो. दारात साक्षात बाई! हातात माझे पत्र. त्या नातीला म्हणताहेत, "उद्या दहाला ये. सगळं फळ्यावर मांड, तुझ्या हातानं. अक्षर लावायचं माझं मी बघीन." पोर नुसती मान हलवते आहे. "आणि ते चिन्हं खुडणारे आजोबा कुठे आहेत?"

ताई, तिने माझ्या खोलीकडे बोट दाखवले.