राजाच्या काठाचा कीस

३ जून २०१३, योकोहामा
पहिला दिवस झकास गेला. टेकडीवरचं छोटं खासगी संग्रहालय, खिडकीतून बंदर दिसतं, चहा फुकट. भूकंपात इथली कपाटं कोसळली आणि सहाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी सोन्याची नाणी एकमेकांत मिसळली. ती ओळखायला यांना पुण्याचा धातुशास्त्रज्ञ लागला, म्हणजे मी. नाणी कसली, हातोड्यानं ठोकलेल्या वाकड्या चकत्या! त्यावर गलबतात उभा राजा, पोरानं पाटीवर काढल्यासारखा. आणि म्हणे यांनी पुढे जगावर राज्य केलं.

४ जून
इथली राखणदारीण नागाई-सान, सत्तरीची. रोज सकाळी प्रत्येक नाणं तोलते, त्याला वाकून नमस्कार करते, वजन वहीत लिहिते. मग तिनं मलाही काट्यावर चढवलं आणि त्याच वहीत ७४.२ किलो लिहिलं. नाण्यांना हात लावणाऱ्याचं वजन रोज लिहायची इथली रीत आहे म्हणे. काठ खरवडायचा नाही, हेही बजावलं. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली. अडाणीपणाला व्हिसा लागत नाही.

९ जून, फुनाबोरी, टोकियो
रविवार, घरी. शुक्रवारी एका नाण्याचा काठ खरवडलाच. त्याशिवाय कस कळणार कसा? त्या काळी चोर नाण्यांचे काठ कातरायचे. मी निदान डॉक्टरेट घेऊन कातरला. उरलेला कीस अपूर्वाला दिला. आमचं आठ वर्षांचं रत्न ‘किरेई!’, म्हणजे ‘किती सुंदर!’, म्हणालं आणि तो गोंदानं नखावर चिकटवून बसलं. परक्याचं सोनं घरात नको, असं वीणाचं म्हणणं. बायकोही नागाई-सानच्याच पंथातली निघाली!

१२ जून, योकोहामा
माझं वजन ७०.१. खरवडलेली जागा भरून आलीय, नाण्याचं वजनही वाढलंय. काटा बिघडला असणार. जपानी काटासुद्धा बिघडतो, बरं वाटलं.

१४ जून
६३. दारावरचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. नखांच्या कडा कातरल्यासारख्या — मी कातरलेल्या नाहीत.

वहीचं जुनं पान पाहिलं. आधीचे संशोधक ओकादा-सान: ७१, ६०, ४२. पुढे कोरं. त्यांनीही काठ खरवडला होता, असं नागाई-सान म्हणाल्या. कीस लगेच नाण्यापाशी आणून ठेवा म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

१५ जून
घरी फोन केला. कीस निघत नाही. वीणानं कोमट पाण्यात बोट धरलं, नख कापलं — खालच्या कातडीतही पिवळं —
मी शहाणा. मी डॉक्टर. मीच दिला तिला —

१७ जून
५१. कालही ५१च होतं. थांबलं! नागाई-सानांपुढे रडलो. त्यांनी वही पुढे केली.
नाणं अजून वाढतंय.

वीणाचा फोन. आज शाळेत मुलांची वजनं केली. अपूर्वाचं —