डिस्कच्या पानावरची ओळ

१० सप्टेंबर, बुधवार
नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात. तोवर एम्युलेटरची (नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना चालवणारा आमचा फुकट प्रोग्राम) सगळी डॉक्स, म्हणजे माहितीची पानं, ताजी करायची, आणि ते अंगावर घेणारा जगात एकच शहाणा, शाहूपुरीत बसलेला. बायको, सुनीता, विचारते, "पगार न्हाय, सुट्टी न्हाय, मग करताय कशाला?" आवडतं म्हणून. बास.

आज प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर नवा प्राणी. सही नुसती 'क.' फोटो नाही, गाव नाही, इमेल पत्ता कोरा करकरीत. डिस्कच्या पानासाठी पॅच, म्हणजे दुरुस्ती, पाठवलाय. एकच ओळ वाढवलीय: ट्रायल मोडमध्ये केलेले बदल एम्युलेटर बंद केला की नाहीसे होतात.

ओळ बरोबर आहे. पण एवढ्याशा ओळीसाठी कोण कुठला माणूस येईल कशाला? वर गोड गोड: "आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी." असली गोडी बघितली की माझा हात पाकिटावर जातो.

१३ सप्टेंबर, शनिवार
क.चा दुसरा पॅच. पान तेच! एम्युलेटर चालू असतानाच ट्रायल मोडमधले बदल मूळ डिस्कवर कसे उतरवायचे, त्याची कृती. आधी तो थांबवून ठेवा, मग ही कमांड, मग परत चालू.

याला दुसरं पानच दिसत नाही. नेटवर्कच्या पानावर गवत माजलंय, तिकडे ढुंकून बघत नाही. गल्लीत एकाच दाराशी कोण घुटमळताना दिसला तर आपण विचारतोच, "काय पावणं, कुणाकडं?" आधी गोड वागायचं, किल्ली हातात आली की घरात शिरायचं. दुसऱ्या प्रोजेक्टांत झालंय असं, विश्वास कमावून प्रोग्रामात घाण मिसळलेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
म्हाताऱ्याची मेल (म्हातारा म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य, आमचा वस्ताद): "क. चांगलं काम करतोय. त्याला थेट बदल करायचे हक्क देऊ या का? तू सांग."

मी सांगू? लिस्टवर सगळ्यांदेखत लिहिलं: "या माणसाला कुणी ओळखतं का? एकाच पानात एवढा रस कशासाठी? मला हे स्वच्छ वाटत नाही."

पाठवून बरं वाटलं. सु.ला वाचून दाखवलं.
"दूधवाल्यावर पण असाच डाऊट घेतलेला तुम्ही."
ते वेगळं.
"काय वेगळं? शेवटी मांजर निघालं."

१८ सप्टेंबर, गुरुवार
क.चं उत्तर. चिडलेला नाही. त्याचाच जास्त राग आला. लिहिलंय एवढंच: "ही ओळ पूर्वी पानावर होती. बदलांचा इतिहास बघावा."
नाही बघत, जा. तू सांगितलंस म्हणून?

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बघितलं. होती. गेल्या वर्षी ऑगस्टात कुणीतरी काढली. टीप: "दुसऱ्या पानावर आहेच, इथे नको." काढणाऱ्याचं नाव माझं.
आणि ते 'दुसरं पान' पुढच्या आठवड्यात मीच उडवलं. साफसफाईचा झटका आलेला.
म्हणजे हा माझ्या मागावर आहे तर. वर्षभर पाळत?

२४ सप्टेंबर, बुधवार
दुपारी ताईचा फोन, हुपरीहून. "खंडेनवमीला यायचं बरं का. यंदा कॉम्प्युटर बी पुजायचाय. गेल्या दसऱ्याला तू बसवून दिल्यापास्नं एकदा बी बंद केलेला न्हाय. वरसाची नक्षी हाय त्यात. त्या दिवशी बंद करून, पुसून, हार घालणार हायत तुझं दाजी."
हो हो म्हणून ठेवला. जेवायला बसलो. दुसरा घास तोंडाशी आणि आठवलं. ताट सरकवून उठलो.

दाजींचं पैंजणाची नक्षी पाडायचं मशीन जुनं. ते चालवणारा कॉम्प्युटर गेल्या वर्षी मेला. मी त्याचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, एम्युलेटरवर चढवून दिला. जुनी डिस्क एकुलती एक, तिला धक्का नको म्हणून आधी ट्रायल मोड. चाललं. ट्रायल काढणारच होतो, तेवढ्यात दाजींनी नारळ फोडला. "चाललंय न्हवं? मग आता हात लावायचा न्हाय!" त्यांच्या कारखान्यात एकदा लागलेलं यंत्र खंडेनवमीशिवाय बंद करत नाहीत. ताईनं ताट वाढलं. मी बसलो जेवायला. आणि विसरलो.

वर्षाची नक्षी सगळी ट्रायलमध्ये. इन्व्हर्टरच्या जिवावर. कागदावर एक रेघ नाही. दिवाळीच्या ऑर्डरी त्याच्यावरच. पुसायला म्हणून बंद केला की संपलं.

लगेच फोन लावला.
"दाजी, कॉम्प्युटर बंद करू नका."
"नवमीला अजून आठवडा हाय की."
"हात लावू नका म्हणतोय ना!"
"मग वरडताय कशापायी, पावणं?"

२५ सप्टेंबर, गुरुवार
रजा टाकली. क.ची कृती घरच्या कॉम्प्युटरवर करून बघितली. चालते. परत केली. चालते. एकेक शब्द उलटापालटा केला, काटा कुठं लपवलाय का म्हणून. सापडला नाही. 'आधी थांबवा' हे तर मला माहीतच नव्हतं. न थांबवता करून बघितलं, डिस्क अर्धवट उतरली.
पण हुपरीची आवृत्ती जुनी. तिथं काय होईल देव जाणे. ज्याला चोर म्हटलं त्याचाच कागद घेऊन निघायचंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळच्या बसनं हुपरी. दाजी दारातच. "काय झालंय?" म्हटलं, सर्व्हिसिंग. खरं सांगायला जीभ उचलेना. भ्यालो, सरळ भ्यालो.

क.चा कागद गुडघ्यावर. थांबवलं. मशीनचा आवाज बंद पडला तसं पॉलिशवाल्या बायका बघायला लागल्या. कमांड दिली. काही नाही. दाजी मानेशी श्वास सोडतायत. मग एकदाचं झालं म्हणून आलं. डिस्क पेनड्राईव्हवर घेतली, माझ्या लॅपटॉपवर उघडली. मोर, कैऱ्या, घुंगराच्या जोडाची नक्षी, सगळी.

ट्रायल मोड पण काढला, पुढच्या वेळेसाठी. मग मात्र राहवेना. दाजींना सगळं सांगितलं.
"म्हंजे वरीसभर माझी नक्षी हवेत हुती?"
"व्हय."
चहा आला, त्यांनी घेतला नाही.
"आन् ही कृती लिवली कुणी? तुम्ही?"
"न्हाय. एक हाय. मी त्याला चारचौघात चोर म्हटलंय."
"मग हितं काय बसलाय? पयलं त्याला सांगा की!"

२८ सप्टेंबर, रविवार
क.ला लिहिलं. लिस्टवर नाही, एकट्याला. ओळ मी काढली, तुझ्या कृतीनं माझ्या बहिणीचं घर वाचलं, चुकलो. आणि खाली राहवलं नाही म्हणून: तुला हेच पान का?

३० सप्टेंबर, मंगळवार
उत्तर आलं. उतरवून ठेवतो.

"माझे वडील एका जुन्या प्रोग्रामात आठवणी लिहायचे. गेल्या दिवाळीत तुमचं पान वाचून मी त्यांना तो एम्युलेटरवर, ट्रायल मोडमध्ये लावून दिला होता. डिसेंबरात ते गेले. आठवड्यानं त्यांची खोली आवरताना मी कॉम्प्युटर बंद केला. ओळ कुणी काढली ते तेव्हाच बघितलं होतं. तुम्हाला सांगायचं नव्हतं. फक्त ओळ परत हवी होती."

सु.ला दाखवलं. तिनं वाचलं, मोबाईल माझ्या हातात दिला आणि आत गेली. एरवी टोमणा मारते.

आणि माझं मन बघा. पहिला विचार काय यावा? हे खरं कशावरून? किल्ली मिळवायला माणूस बाप मारायलाही कमी करायचा नाही. लाज वाटली स्वतःची. तरी विचार जाईना.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
काल हुपरीत पूजा. कॉम्प्युटर दाजींनी मलाच बंद करायला लावला. आज सकाळी फोन: "लागला बघा. समदी नक्षी जाग्यावर हाय." मग लगेच, "त्या माणसाला सांगितलासा का?"
"सांगितलं. मेल केली."
"चारचौघात?"
"... नाही अजून."
"चोर म्हणताना बरं चारचौघात म्हटलासा."

म्हाताऱ्याची परत मेल. उद्या आवृत्ती. ओळ घ्यायची का? क.ला हक्क द्यायचे का? तू सांग.

लिस्टसाठी माफी लिहून तयार आहे. मोठी नाही, पाच ओळी. पाठवायच्या आधी इतिहास उघडलाय. ओळ मी काढली ऑगस्टात. त्यानं पान वाचलं दिवाळीत, वडील गेले डिसेंबरात. म्हणजे तेव्हा ओळ नव्हती. जुळतं.

सु. दारात, हातात आपट्याची पानं. "आवरलं का? सोनं द्यायला जायचंय की."
आलोच म्हटलं.
परत एकदा तारखा बघतो.