बनवलेलं सत्य आणि नवे बूट

३ मार्च
परत तेच! नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याचा प्रवक्ता टीव्हीवर हसत म्हणाला, "नदीचं पाणी विषारी, हे सत्य बनवलं कोणी? थोर तत्त्वज्ञच सांगून गेलेत — सत्य बनवलेलं असतं." थोर तत्त्वज्ञ म्हणजे आमचे बाबा. प्रवक्ता बाबांचाच जुना विद्यार्थी! बाबा न जेवताच उठले.

४ मार्च
तरुणपणी लिहिलेलं एक वाक्य. आता परदेशी वाहिन्यांवर, मंत्र्यांच्या भाषणांत, शांपूच्या जाहिरातीतसुद्धा! बाबांना म्हणायचं होतं — सत्य माणसं मेहनतीने उभं करतात, तपासून, भांडून. लोकांनी ऐकलं — वाटेल ते बोला. आई म्हणाली, "थोडक्यात, तुम्ही जगाला बनवलंत." बाबा हसले नाहीत. मला आईचा राग आला. हसूही आलं.

७ मार्च
आंतरराष्ट्रीय वाहिनीचं बोलावणं. थेट चर्चा, समोर तोच प्रवक्ता. बाबा नाही म्हणतात. "मी तोंड उघडलं की नवं वाक्य होतं. तेही पळवतील." नदीकाठच्या शाळेच्या नळाला तेच पाणी येतं, बाबा! — मी ओरडलेच. दार आपटून बाहेर पडले.

८ मार्च
जातायत!!

९ मार्च
पेपरात मथळा: 'उत्तराधुनिक विचारवंत आज मैदानात.' आई: "आधुनिक कधी झालात, की एकदम उत्तराधुनिक?" तिनेच हट्टाने त्यांना नवे बूट घ्यायला लावले. स्टुडिओत शिरताना बाबा चक्क लंगडत होते. मी काचेबाहेर, जीव मुठीत धरून.

प्रवक्त्याने वाक्य फेकलंच. बाबा वाकले, बूट काढला — आणि ठेवला टेबलावर!

"हा बनवलेलाच आहे. म्हणून काय चावत नाही? टाच बघा माझी. पाणीही माणसांनीच तपासलंय. चावतंय ते त्या शाळेतल्या पोरांना."

प्रवक्ता बुटाकडे बघत राहिला.

१० मार्च
जिकडेतिकडे बूट! पाच भाषांत बाबांची टाच. "उद्या मंत्रीही बूट काढतील," म्हणाले. पण दोन्ही वेळा पोटभर जेवले. शाळेच्या बाईंचा फोन आला — "सर, आज पहिल्यांदा कॅमेरे आमच्या नळापाशी आले." मला रडूच आलं.

११ मार्च
सकाळी दारात प्रवक्ता. एकटाच. हातात शाळेच्या नळाच्या पाण्याची बाटली. "हे मी माझ्या मुलांना देत नाही. कॅमेऱ्यासमोर सांगायला तयार आहे." मग खाली बघत — "सर, चावतंय."