मामांची निळी टोपी

प्रिय एलेउतेरियो मामा,

काल मला विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. हे वाचून तुम्ही गोंधळाल, कारण तुमच्या समजुतीनं मी दोन वर्षं तिथंच शिकते आहे.

शाळा संपली तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, "मोठ्या विद्यापीठातच ना?" मी हो म्हटलं. खरं तर मी इथंच, सलिनासच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात समाजशास्त्र शिकत होते. तिथं कुणालाही प्रवेश मिळतो, याची मला लाज वाटली. आईलाही मी गप्प बसवलं. तुम्ही मात्र विद्यापीठाची निळी टोपी घेतलीत आणि ती घालून युमाच्या शेतात लेट्यूस कापू लागलात. मुकादम म्हणाला होता, "एलेउतेरियो, पोरीच्या आधी तुझी टोपी पास होणार!" तुम्हीच हे हसत सांगितलंत.

वर्गात शेतमजुरांच्या श्रमावरचा धडा चालू असताना आमच्या किरोझ बाई म्हणाल्या, "नायेली, मामा सुट्टीत आले की त्यांना वर्गात आण. त्यांच्याकडूनच ऐकू."

तुम्ही आला असतात तर दारावरची कॉलेजच्या नावाची पाटी वाचली असतीत. मी म्हटलं, "मामा फार लाजतात, बाई."

बसमध्ये अनोळखी माणसांनासुद्धा तुम्ही भाचीबद्दल सांगता.

आज फोनवर तुम्ही विचारलंत, "आता दोनच वर्षं राहिली ना गं?"

"हो, मामा."

कालच्या प्रवेशाबद्दल मी बोलले नाही. हे पत्रही मी पाठवणार नाही; आता काही कबूल न करताही सगळं जुळून जाईल. शाळा सुटल्यापासून मी तुम्हाला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर, आणि ते देताना माझा आवाज जराही कापला नाही.

तुमची,
नायेली