गोलातला लाल ठिपका

पनवेल, १७ नोव्हेंबर २००९, संध्याकाळ

आज खोटं बोललो. उरणच्या कोळीवाड्यातून हिराबाई बापाचा फोटो घेऊन आल्या होत्या. मी विमानदलातला, म्हणून लोक लढाईतले जुने फोटो माझ्याकडे आणतात. बाप ब्रह्मदेशात लढाईत मारला गेल्याची तार १९४२ साली आली, तेव्हा हिराबाई आईच्या पोटात होत्या. आईनं त्याच दिवशी कुंकू पुसलं. फोटो पुढे कुणा सोबत्यानं आणून दिला.

बाप विमानाला टेकून हसतोय. पण विमानावरच्या गोल खुणेत मधला लाल ठिपका नाही. जपान्यांची खूण म्हणजे लाल गोळा, त्यामुळे जपानी समजून आपलीच विमानं आपलेच लोक पाडत, म्हणून तो काढून टाकला होता. पण काढला तो या तारेनंतर वर्षभराने! म्हणजे हा माणूस दुसराच कुणी, नाहीतर बाप जिवंत होता आणि घरी आलाच नाही. यातलं कुठलं सांगायचं? भिंग धरून बसून राहिलो. ठिपका काही सापडेना.

"फार पुसट आहे हो, काही ओळखू येत नाही," म्हणालो.

हिराबाईंनी पदरानं काच पुसली. "ऱ्हाऊ द्या, भाऊ. मना माजा बापूस दिसतंय, तेवरं पुरं हाय."