उद्घाटनाचा केक

बाबा,

आज सकाळी तुम्ही वागळे इस्टेटच्या बेकरीत शिरलात आणि माझ्या हातातला क्रीमचा कोन पडता पडता राहिला. टोपी आणि मास्क होता, म्हणून काचेमागची मी तुम्हाला ओळखू आले नाही.

घरी क्लास म्हणून सांगितलंय, पण मी इथे कामाला येते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही भडकला असता. राघो पाटलाची पोर दुसऱ्याकडे राबते? मोहने गावात आपला गाळा आहे, शटर उघड नि बस! पण बाबा, माझा केकचा स्पंज अजून मधोमध बसतो. उकाड्यात क्रीम टिकत नाही. मी थोडे महिने मागितले, तर तुम्ही दुकानाच्या उद्घाटनाचा मुहूर्त काढून पत्रिकाच वाटल्यात.

"उद्या मोहन्याला माजे पोरीचा दुकान उघडतंय," तुम्ही बेकरीच्या शेठना सांगितलंत. "नाव मोठा काढा." शेठनी केक माझ्यासमोरच सरकवला. तुमच्याकडे बघत बघत लिहिलं, 'कल्पिता' वाकडंच आलं.

हे पत्र तुमच्या हातात द्यायची हिंमत नाही. पण माझी तयारी झालीय असं तुम्हाला खरंच वाटतं, तर माझ्या केकच्या दुकानासाठी केक बाहेरून का नेलात?

तुमचीच,
कल्पिता